१५ नोव्हेंबरचं ताट, मरोळ गावठाणातलं

आधी कामाचं सांगते. मरोळ गावठाणात ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यातल्या एक दीदी राहतात. नोकरीची सगळी वर्षं मुंबईत नर्स म्हणून काढली, निवृत्त झाल्या आणि आता भावजयीला हाताशी घेऊन शनिवार-रविवार झारखंडी जेवणाच्या ऑर्डर घेतात. वर्षातून एक दिवस मात्र घरपोच काही मिळत नाही. १५ नोव्हेंबरला, झारखंडच्या स्थापना दिवशी, त्या घरासमोरच्या अंगणात मांडव घालतात आणि पंगत बसवतात. शाकाहारी ताट ४०० रुपये, गावठी कोंबडीचं ५००, बकऱ्याचं ५५०. नोंदणी आधी करावी लागते, पैसे जेवल्यावर द्यायचे. घराला पाटी नाही, स्वयंपाकघराला नाव नाही, आणि फोन नंबर कुठे छापू नका असं त्यांनी सांगितलं आहे; दोघींच्या हातांना झेपेल तेवढंच काम त्यांना हवं. मरोळ नाका मेट्रो स्टेशनवरून गावठाणात शिरायचं आणि ‘झारखंडवाल्या सिस्टर’ कुठे राहतात ते विचारायचं. कुणीही घर दाखवतं.

मी राहते अंधेरी पूर्वेला. कॉलेजात आणि पुढे नोकरीत हॉकी खेळले, फुलबॅकला, सराव बहुतेक चर्चगेटच्या मैदानावर. झारखंड वेगळं होण्याआधी बिहारचा म्हणून जो मुलींचा संघ स्पर्धांना यायचा, त्यात रांची, गुमला, खुंटी, सिमडेग्याकडच्या मुलीच जास्त असायच्या. अंगानं बारीक, आणि चेंडूवर अशा यायच्या की आपण स्टिक खाली टेकवेपर्यंत चेंडू मागे गेलेला असायचा. त्यांच्याकडे गावोगावी स्पर्धा होतात आणि बक्षीस म्हणून खस्सी मिळते, म्हणजे बोकड. बांबू वाकवून केलेल्या स्टिकनं सुरुवात करून त्यातल्या काही थेट देशाच्या संघात गेल्या. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या संघातल्या सुमराई टेटे सिमडेग्याच्याच. म्हणून या दीदींनी पहिल्यांदा जिल्ह्याचं नाव सांगितलं तेव्हा मी जेवणाआधी हॉकीचंच विचारलं, आणि त्यांनीही स्वयंपाक बाजूला ठेवून त्याचंच उत्तर दिलं. तेव्हापासून त्या मला ताई म्हणतात आणि मी त्यांना दीदी.

आता ताट.

पत्रावळ साल नावाच्या झाडाच्या पानांची, द्रोणही त्याच पानांचे. गावाकडून कुणी ना कुणी येत असतं, त्याच्याबरोबर गठ्ठे येतात. मुंबईत लग्नकार्यात मिळणाऱ्या पत्रावळींपेक्षा हे पान जाड आणि चिवट असतं, गरम भात वाढला की त्याला एक मंद तुरट वास येतो. तो वास मला जेवणाचाच भाग वाटतो. त्यामुळे स्टीलचं ताट मागू नका. लहान मुलांसाठी मागितलं तर देतात, पण मुलांनाही पानावरच जेवू द्या.

सुरुवात धुस्क्यानं. तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ भिजवून वाटायची, थोडी उडदाची, त्यात आलं, मिरची, जिरं, आणि पळीभर पीठ खोल तेलात सोडायचं. तो चांगला झाला की टम्म फुगतो, कडा कुरकुरीत आणि पोट मऊ. सोबत काळ्या हरभऱ्याची, बटाटा घातलेली घुगनी. रांचीत हा सकाळचा, रस्त्यावरचा पदार्थ. दीदींचा धुस्का मी आजवर खाल्लेल्यांत सगळ्यात हलका आहे, आणि त्याचं कारण त्यांनी सरळ सांगितलं: पीठ पातळ नको, तेल कोमट नको, आणि माणूस पानावर बसल्याशिवाय कढईत पळी सोडायची नाही. म्हणून तो एकेक करून येतो. पहिल्या घासाला दुसरा हवासा वाटतो आणि तो यायला दोन-तीन मिनिटं लागतात. थांबा. पण हाच धुस्का एरवीच्या शनिवारी डब्यातून मागवलात तर घरी पोचेपर्यंत लोळागोळा होतो. तो घरी मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मी दीदींनाही ते सांगितलं आहे. डब्यासाठी चिलका रोटी घ्या, ती तव्यावरची आहे आणि संध्याकाळपर्यंत टिकते.

त्यानंतर मडुआची रोटी, म्हणजे आपली नाचणीची भाकरी, आमच्या कोकणातल्यापेक्षा जराशी जाड. कुरथीची डाळ, म्हणजे कुळीथ. पण आपण पिठलं करतो, त्या अख्खे दाणे मऊ होईपर्यंत शिजवून वर लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी देतात. इथवर मराठी जिभेला काहीच परकं नाही. परकेपणा सुरू होतो तो सागापासून, आणि याच भागासाठी मी या पंगतीला पूर्ण गुण देते.

फुटकल हा पिंपळ-उंबराच्या कुळातल्या एका झाडाचा कोवळा पाला. झाडाला नवी पालवी फुटते त्या चारदोन आठवड्यांतच तो खुडायचा, वाळवायचा आणि वर्षभर पुरवायचा. चव आंबट, पण चिंचेची नाही, कोकमाचीही नाही; त्यात झाडाच्या सालीचा एक तुरटपणा असतो. दीदी तो भाताच्या पेजेत शिजवतात. त्याला माड-झोर म्हणतात. तेलाचा थेंब नाही, मसाला नाही. पेज, पाला, मीठ, लसूण, मिरची. ज्यांना भाजी म्हणजे खोबरं-कांद्याचं वाटण एवढंच माहीत आहे त्यांना हा द्रोण पहिल्यांदा रिकामा वाटेल. गरम असतानाच भातावर घ्या आणि दोन घास जाऊ द्या. दुसरा साग कोइनारचा, कांचनाच्या जातीच्या झाडाचा पाला. तिसरा चकोड, आणि तो तर आपला टाकळाच. आरे कॉलनीतल्या पाड्यांवरच्या बायका पावसाळ्यात मरोळच्या रस्त्याला टाकळा, बांबूचे कोंब घेऊन बसतात, दीदी त्यांच्याकडूनच घेतात आणि अंगणात वाळवून ठेवतात. सिमडेग्याच्या स्वयंपाकाला लागणारा पाला आरेची वारली बाई देते आणि दोघी एकमेकींशी भावावरून हुज्जतही मराठीत घालतात. बांबूच्या कोंबाचं आंबवलेलं संधना त्यांच्याकडे वर्षभर असतं. वास उग्र आहे, सगळ्यांना झेपणारा नाही, म्हणून तो मागितल्यावरच वाढतात. मला आवडतो.

पावसाळ्यात रुगडा मिळतो, सालाच्या झाडाखाली जमिनीत उगवणारी गोल, गोटीएवढी अळंबी. नोव्हेंबरात तो ताजा नसतो आणि दीदी गोठवलेला आणून देत नाहीत. जे त्या महिन्यात रानात ताजं नाही आणि घरी वाळवून-आंबवून ठेवलेलंही नाही ते पानावर नाही. मुंबईत कुठलंही ‘प्रादेशिक’ ताट बाराही महिने तेच असतं; इथला हा नियम मला मनापासून पटतो.

कोंबडी गावठी, रस्सा पातळ, मोहरीच्या तेलातला. मोहरीच्या तेलाची सवय नसेल तर पहिल्या वाफेलाच नाक चरचरतं. बकऱ्याचं मटण त्याहून चांगलं, पण ते दुसऱ्या पंगतीपर्यंत संपतं. हवं असेल तर पहिल्या पंगतीला नाव नोंदवा. भात मात्र सगळ्यांना तोच, नव्या तांदळाचा. गोड म्हणून डुंबू, म्हणजे तांदळाच्या पिठात गूळ भरून उकडलेले गोळे, आणि मोहाची फुलं भाजून तिळाबरोबर कुटून केलेला लाडू. लाडू घरी न्यायला विकत मिळतात. जास्त घ्या.

हंडिया, म्हणजे भाताची बिअर, मिळत नाही. ती विकायला परवाना लागतो आणि दीदींना ते करायचंही नाही. दर वर्षी कुणीतरी मुद्दाम विचारतं, डोळा मिचकावून विचारतं, आणि मला ते आवडत नाही. हंडिया ही त्यांच्याकडे पूजेची, लावणीची, पाहुण्याच्या स्वागताची गोष्ट आहे. १९४८ साली संविधान सभेत दारूबंदीच्या कलमावर चर्चा चालली होती तेव्हा आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा उभे राहिले आणि हा आदिवासींच्या धार्मिक हक्काचा प्रश्न आहे, भातलावणीच्या कष्टाशी जोडलेला आहे, असं ठणकावून बोलले. डोळा मिचकावण्याआधी ते भाषण वाचावं.

जयपालसिंहांचा फोटो मांडवात बिरसा मुंडांच्या शेजारी असतो. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतानं हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं, त्या संघाचे ते कर्णधार. खुंटीकडच्या टकरा गावातला मुंडा मुलगा ऑक्सफर्डला शिकतो, आयसीएसची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च सनदी सेवेची, नोकरी सोडतो, ऑलिंपिक संघाचा कर्णधार होतो आणि पुढे १९३९ पासून आदिवासी महासभेचा अध्यक्ष. आम्ही हॉकी खेळणाऱ्या मुली ध्यानचंदांची तसबीर पाहत वाढलो. पहिल्या कर्णधाराचं नाव मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मला या अंगणात कळलं.

पंगतीआधी दहा-पंधरा मिनिटं दीदींचा पुतण्या बोलतो. तो मुंबईत वकिली शिकतो. हे बोलणं ताटाच्या पैशांतच धरलेलं आहे असं समजा, म्हणून त्याबद्दलही लिहिते. तो सुरुवात २००० सालापासून करत नाही, हे मला फार चांगलं वाटतं. तो मागे जातो: छोटानागपूरच्या आदिवासींचा १८३१-३२ चा कोल उठाव, ३० जून १८५५ ला भोगनाडीह गावात जमलेले संथाळ आणि सिदो-कान्हूंचं हूल, म्हणजे बंड, त्यात फुलो आणि झानो या त्यांच्या बहिणी, मग बिरसा. १५ नोव्हेंबर १८७५ ला उलिहातूत जन्म, १८९९-१९०० चं उलगुलान, म्हणजे मोठा उठाव, डोंबारी टेकडीवर जमलेल्या लोकांवर गोळीबार, आणि ९ जून १९०० ला रांचीच्या तुरुंगात मृत्यू. वय पंचविशीच्या आतलं. आठ वर्षांनी, १९०८ साली, ब्रिटिशांना छोटानागपूर कूळ कायदा करावा लागला, ज्यानं आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला आडकाठी घातली. मुलगा कायद्याचा विद्यार्थी असल्यानं इथे रेंगाळतो, आणि रेंगाळावंच. कारण पुढची सगळी गोष्ट या जमिनीची आहे. २०१६ मध्ये या कायद्यात बदल करण्याचा घाट घातला गेला, लोक रस्त्यावर आले, आणि २०१७ साली त्या वेळच्या राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी विधेयक परत पाठवलं. त्या आज राष्ट्रपती आहेत. हे तो सांगत होता तेव्हा शेजारी बसलेल्या एक आजी, घरकामाला येणाऱ्या, गुमल्याच्या, मान डोलावत होत्या. त्यांची दोन बिघे जमीन अजून नावावर आहे एवढंच त्या मला म्हणाल्या.

मग येतं खरसावां. १ जानेवारी १९४८. खरसावां संस्थान ओडिशात सामील करण्याविरुद्ध हजारो आदिवासी तिथल्या हाटाच्या मैदानात जमले होते आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. स्वातंत्र्य मिळून पाच महिनेही झाले नव्हते. तेव्हाच्या वर्तमानपत्रात ३५ मृत्यूंचा आकडा आला. तिकडचे लोक त्याच्या कित्येक पट सांगतात. आजही १ जानेवारीला तिथे नव्या वर्षाचा जल्लोष नसतो, लोक हुतात्मा स्थळावर जातात. हुतात्मा चौकाच्या शहरात राहणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये.

एक गोष्ट मात्र तो सांगत नाही, आणि मराठी पाहुण्यांपुढे ती सांगायलाच हवी असं मी त्याला सुचवलं आहे. ज्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ साली मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी मानली नाही, त्याच आयोगानं त्याच अहवालात झारखंडची मागणीही फेटाळली. आदिवासी त्या भागात अल्पसंख्य आहेत, त्यांची एक भाषा नाही, आणि खनिजांचा तो भाग काढला तर बिहारचा तोल जाईल, अशा धर्तीची कारणं. १९५२ च्या निवडणुकीत जयपालसिंहांचा झारखंड पक्ष बिहार विधानसभेतला प्रमुख विरोधी पक्ष झाला होता, तरीही. आपण लढलो आणि पाच वर्षांत, १ मे १९६० ला, राज्य मिळवलं. त्यांना त्या अहवालानंतर पंचेचाळीस वर्षं लागली. आपल्यामागे एक भाषा होती, वर्तमानपत्रं होती, शाहिरांचे फड होते, गिरणगाव होतं. त्यांच्यामागे मुंडारी, संथाळी, हो, खडिया, कुडुख अशा भाषा होत्या, ज्यांतली कुडुख तर द्रविड कुळातली आणि बाकीच्या वेगळ्याच कुळातल्या, आणि सगळ्यांना जोडायला बाजारची सादरी. त्या अंगणात हे ऐकायला मिळतं: दीदी भावजयीशी खडियात बोलतात, वाढणाऱ्या उरांव मुलीशी सादरीत, माझ्याशी मराठीत. ‘एक भाषा नाही’ म्हणून ज्यांना राज्य नाकारलं, ते लोक एकाच कढईभोवती उभे राहून कुणाला काय हवं ते बरोबर ओळखत होते.

पुतण्याच्या बोलण्यात आणखी एक उणीव आहे. १९६३ मध्ये झारखंड पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला आणि चळवळ विस्कटली, यावरून तो घाईनं पुढे जातो. सत्तरच्या दशकात तिला पुन्हा बळ आलं ते झारखंड मुक्ती मोर्चाचे शिबू सोरेन यांच्याबरोबर बिनोद बिहारी महतो आणि धनबादच्या कोळसा खाणींतले कामगार नेते ए. के. राय यांच्यामुळे, आणि हे दोघे आदिवासी नव्हते. कुडमी महतो, खाणकामगार, सदान (तिथले जुने बिगर-आदिवासी रहिवासी) शेतकरी, या सगळ्यांची ती चळवळ होती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे झारखंडमध्ये अनुसूचित जमातींचं प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीच्यांना गोष्टीबाहेर ठेवून ती पूर्ण होत नाही. सोरेन यांच्या धानकाटी आंदोलनाबद्दल मात्र तो फार सुंदर बोलला. सावकारांनी बळकावलेल्या शेतातला भात बायका विळे घेऊन कापायच्या आणि पुरुष धनुष्यबाण घेऊन बांधावर पहारा द्यायचे. तेव्हा पानावर नव्या तांदळाचा भात वाफाळत होता. मला १९४५ साली आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध दिलेला लढा आठवला आणि शेजारच्या तलासरीच्या बाईंनाही तोच आठवला असावा, कारण आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो. शिबू सोरेन ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. त्या वर्षीच्या पंगतीत त्यांच्या फोटोला हार होता.

२०२५ म्हणजे राज्याचं रौप्यमहोत्सवी वर्ष आणि बिरसांची दीडशेवी जयंतीही. २००० साली तीन राज्यं एकाच महिन्यात जन्मली: १ नोव्हेंबरला छत्तीसगड, ९ ला उत्तरांचल (आजचं उत्तराखंड), आणि झारखंडसाठी मुद्दाम १५ नोव्हेंबर निवडला गेला. बिहार पुनर्रचना कायद्यानं बिहारचे १८ जिल्हे वेगळे झाले, देशातलं अठ्ठाविसावं राज्य झालं, बाबूलाल मरांडी पहिले मुख्यमंत्री. आज जिल्हे २४ आहेत. २०२१ पासून हा दिवस देशभर जनजातीय गौरव दिवस म्हणूनही पाळतात, त्यामुळे मुंबईतही आता त्या दिवशी कार्यक्रम होतात. त्यांतल्या एकाला मी गेले होते. सभागृह थंडगार, भाषणं लांब, नाचाला आठ मिनिटं, आणि चहाबरोबर पाकिटबंद बिस्किटं. नाव सांगायची गरज नाही, बहुतेक ठिकाणी असंच असतं. तिथून उठून इथे आलं की फरक पोटाला कळतो.

आता मला या पंगतीबद्दल जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मूळ मागणी फक्त बिहारच्या जिल्ह्यांची नव्हती. पश्चिम बंगालमधला पुरुलिया, ओडिशातले सुंदरगढ, मयूरभंज, केओंझर, तेव्हाच्या मध्य प्रदेशातले सरगुजा, रायगढ, एवढा तो झारखंड मागितला होता. मिळाला तो एक तुकडा. बेळगाव, कारवार, निपाणी या शब्दांवर आजही ज्यांचा आवाज चढतो त्या मराठी माणसाला याहून जवळची गोष्ट कुठली असेल? दीदी स्वतः सिमडेग्याच्या, ओडिशाच्या सीमेला लागून. त्यांचं माहेर-सासर, आत्या-मावश्या सीमेच्या दोन्ही बाजूंना. म्हणून त्यांच्या अंगणात १५ नोव्हेंबरला सुंदरगढच्या बायका येतात, छत्तीसगडमधल्या जशपूरचे रिक्षावाले येतात, पुरुलियाचं एक जोडपं येतं. कागदावर त्यांच्यापैकी कुणाचाही हा स्थापना दिवस नाही. त्यांना इथे कुणी तसं म्हणत नाही, आणि ताटातही सुंदरगढकडचा एक पदार्थ दर वर्षी असतो. या वेळी तांदळाच्या पिठात मटण घालून पानात भाजलेला पिठा होता. मी दीदींना विचारलं, हे मुद्दाम करता का. ‘ताई, जंगल एकच आहे ना? मग पान पण एकच,’ असं म्हणून त्या पुढच्या माणसाला वाढायला गेल्या.

मांडवाच्या मागच्या भिंतीवर सोहराई शैलीतली चित्रं आहेत: पाठीवर फुलं घेतलेला बैल, मोर, वेल. हजारीबागकडच्या बायका दिवाळीच्या सुमारास, सोहराईच्या सणाला, घराच्या भिंतींवर ही काढतात, लाल-पिवळी माती, पांढरी माती आणि काळं मँगनीज वापरून. २०२० साली सोहराई-खोवर चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. दीदींच्या भिंतीवर बाजारचा रंग आहे, कारण घरमालकाला माती गळलेली नको होती. बैलाची रेष मात्र हाताची आहे, छापील नाही. आपल्या वारली चित्रांच्या काटकुळ्या माणसांची सवय असलेल्या डोळ्याला हे भरदार बैल बघत राहावेसे वाटतात.

जेवणानंतर मांदर निघतो. हा लांबट, मातीच्या अंगाचा ढोल गळ्यात अडकवून वाजवायचा असतो. बायका एकमेकींच्या हातात हात गुंफून ओळ धरतात आणि गोल फिरतात, पाहुण्यांनाही ओढतात. मी गेले. पाय चुकले तर शेजारची बाई हातानंच ताल देते. घरमालकांच्या घरातल्या ईस्ट इंडियन आजी खुर्चीत बसून टाळ्या देत होत्या. संध्याकाळी सातच्या आत मांदर बंद होतो, शेजाऱ्यांशी तसं ठरलेलं आहे, आणि ते काटेकोर पाळलं जातं.

कमी काय आहे तेही सांगायला हवं. जागा लहान. एका पंगतीला तीसच्या आसपास माणसं, जमिनीवर चटईवर; गुडघे दुखणाऱ्यांसाठी चारच खुर्च्या आहेत, नोंदणीच्या वेळीच सांगून ठेवा. हात धुवायला एकच नळ आणि तिथे रांग लागते. दुसरी पंगत ठरलेल्या वेळेला कधीच सुरू होत नाही. दीडची वेळ म्हणजे सव्वादोन धरा. शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाक एकाच घरात, वेगवेगळ्या भांड्यांत होतो, पण ज्यांना वेगळी चूल लागते त्यांनी येऊ नये, गैरसमज नको. तिखट जास्त नाही, मोहरीचं तेल जास्त आहे. पार्किंग नाहीच. गावठाणाच्या गल्लीत गाडी घालू नका, मेट्रोनं या.

आणि एक विनंती. ताटाचे फोटो काढा, चित्रांचे काढा, पण पंगतीत बसलेल्या बायकांचे विचारल्याशिवाय काढू नका. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना महिन्यातून एखाद-दोन सुट्ट्या मिळतात, आणि त्यातली एक त्या इथे खर्च करतात.

मी या ताटाला पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण नळाचा आणि दुसऱ्या पंगतीच्या वेळेचा. स्वयंपाकातून काही कापावं असं मला सापडलं नाही.

एरवीच्या शनिवारी मागवायचं असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत कळवावं लागतं. मडुआ रोटी, कुरथी आणि चकोडचा साग हा डबा १८० रुपयांना, दोघांना पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये रुगडा आला तर त्या फोन करून सांगतात. भाव त्या त्या आठवड्याचा असतो, महाग असतो, तरी घ्या. पुढच्या १५ नोव्हेंबरची नोंदणी करमचा सण झाल्यावर सुरू होते, म्हणजे गणपतीच्या आगेमागे, आणि फार दिवस खुली राहत नाही. घरी जाऊन वहीत नाव लिहायचं, मटण की कोंबडी तेही तिथेच लिहायचं. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, तेव्हा दोघी बाजारात असतात.